माझा उजवा हात आणि चिमण्यांची पेटी

मी चौथी शिकलेला माणूस. डहाणूजवळच्या नरपडला जन्मलो, चाळीस वर्षं समुद्रात काढली. लिहिणं हे माझं काम नाही. पण हाताचा व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं की रोज उजव्या हाताने लिहायचं, म्हणून लिहितो. एका पानाला दोन दिवस जातात आणि अक्षर कोंबडीच्या पायासारखं येतं. ज्यांना लकव्याचा झटका आला आहे त्यांनी हे वाचावं, आणि ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांनी तर नक्की वाचावं. गोड काही मिळणार नाही. मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही. डॉक्टर म्हणाले, या आजारात राग येतो. त्यांना काय सांगू, आजाराच्या आधीही येत होता.

हात पडला तो दिवस

थंडीचे दिवस होते, सकाळचे आठ वाजले असतील. माझ्या बायकोला, हिराला, जाऊन पाच महिने झाले होते. पोटात दुखतं म्हणाली, तपासायला नेली, आणि तीन आठवड्यांत गेली. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. त्याचाही राग आहे.

चहा केला होता. कप उचलला आणि तो हातातून सुटला. मी कपाला शिवी दिली. उचलायला वाकलो तर बोटं दुसऱ्या कुणाची असल्यासारखी. वाटलं हात झोपला. आमच्याकडे लाकडी होडीला लावायचं माशाचं तेल असतं, सांधे दुखले तर आम्ही तेच चोळतो. डाव्या हाताने ते चोळत बसलो. मग पाय गेला. भिंतीला टेकून खाली घसरलो तो तिथेच राहिलो.

बारा वाजता शेजारच्या तारावहिनी कालवण घेऊन आल्या. वहिनी सुकी मासळी विकतात, हिराची मैत्रीण. दारातूनच ओरडल्या, "भाऊजी, दिवसाढवळ्या घेतलीत काय? तोंड बघा कुठे चाललंय!"

मी काहीतरी बोललो. काय बोललो ते मलाही कळलं नाही. वहिनींच्या हातातलं भांडं खाली आलं. मग त्या ज्या धावल्या त्या रस्त्यावर जाऊन गाडीच घेऊन आल्या.

डहाणूला डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वाजता झालं?" वहिनींनी हिशेब लावून सांगितलं, चहाची भांडी तशीच होती म्हणजे आठ. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. म्हणाले, मेंदूच्या नसेत गुठळी आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण पहिल्या काही तासांतच देता येतं. आता मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत ती वेळ निघून जाईल.

म्हणून सांगतो. तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोलणं बोबडं झालं, यातलं एक जरी दिसलं तरी तेल चोळू नका. साखर भरवू नका. झोप काढली की बरं वाटेल असं म्हणू नका. गाडी बोलवा. मी चार तास जमिनीवर बसलो आणि त्याची किंमत हा हात देतो आहे.

वॉर्डात

वॉर्डात पहाटे पाचला दिवे लागतात. कशाला लागतात ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. पाचला उठवायचं, ताप बघायचा, आणि मग आठपर्यंत कुणी फिरकायचं नाही. मग चादर, मग सुई, मग मोठे डॉक्टर चार शिकाऊ घेऊन येणार आणि माझ्याबद्दल माझ्यासमोर बोलणार, जशी मी बाजारातली सुरमई.

सगळ्यांत वाईट म्हणजे तोंड. डोक्यात बरोबर शब्द असायचा, बाहेर भलताच यायचा. पाणी मागायचं तर "वल्हं" म्हणायचो. शिवी मात्र स्वच्छ यायची. शिकाऊ डॉक्टर हसले तेव्हा त्यांना ती मिळाली.

दुसरं वाईट म्हणजे डायपर. माझी सून सुनीता बदलायची. ती तोंड दुसरीकडे करायची, मी डोळे मिटायचो. एकदा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं घाण वाटली असेल, म्हणून मी डाव्या हाताने तिला ढकललं. नंतर कळलं की तिला माझी कीव आली होती. मला ते जास्त लागलं.

शेजारच्या खाटेवर तलासरीकडचे, झरीचे देवजी होते. शेतमजूर. त्यांना माझ्या उलट, डावी बाजू गेलेली. त्यांची बायको त्यांना भरवून झालं की माझ्या खाटेवर यायची. सुनीता घरी गेली की माझं जेवण ताटात तसंच सुकायचं हे तिने बघितलं होतं. पहिल्या दिवशी मी तोंड मिटून घेतलं.

"उघडा तोंड," ती म्हणाली. "लाजता कशाला? मी काय नवी नवरी आहे?"

देवजी पलीकडून हसले. वाकड्या तोंडाने हसणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला, आणि मग लक्षात आलं की मीपण तसाच दिसत असेन. मी तोंड उघडलं. त्या बाईने अकरा दिवस मला भरवलं आणि एकदाही "देवाची कृपा, वाचलात" असं म्हणाली नाही. भेटायला आलेले बाकी सगळे म्हणत होते. मला बोलता येत नव्हतं म्हणून ते सुटले. वाचवायचं होतं तर हिराला वाचवायचं. मला कशाला?

जूनपर्यंत

घरी आणलं तेव्हा मी काठी धरून दहा पावलं टाकत होतो. उजवा हात पोटाशी, मेलेल्या खेकड्यासारखा वळलेला. मुलगा हेमंत बोईसरला कंपनीत आहे. त्याने पंधरा दिवस रजा काढली. सोळाव्या दिवशी सकाळी म्हणाला, "बाबा, सामान बांधू. तू आता आमच्याकडे राहायचं."

मी नाही म्हटलं. तोपर्यंत "नाही" नीट यायला लागलं होतं.

"एकटा काय करणार इथे?"

"काल काय केलं? तेच."

"काल मी होतो. काल मी तुझ्या शर्टाची बटणं लावली, मी भात टाकला, मी आंघोळ घातली."

"शर्ट नाही घालणार. होडीत चाळीस वर्षं कुठे शर्ट होता?"

सुनीता आत गेली. हेमंत ओरडत नाही, त्याच्या आईसारखा गप्प होतो. दुपारपर्यंत गप्प राहिला आणि मग अट घातली. जूनपर्यंत वेळ. पावसात इथे लाइट जाते, रस्ता तुंबतो, तेव्हा तो मला एकट्याला ठेवणार नाही. मे महिना संपेपर्यंत मी स्वतः गॅस पेटवला, भात केला, आंघोळ केली आणि शर्टाची बटणं लावली तर मी नरपडला राहायचं. नाहीतर टेम्पो आणणार.

तोपर्यंत वहिनी दोन वेळा डबा देणार आणि दिवसातून चारदा डोकावणार असं ठरलं. मला कुणी विचारलं नाही.

बोईसर वाईट गाव नाही. मुलगा वाईट नाही, सून तर त्याच्याहून चांगली. पण तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत खिडकीत बसवलेला म्हातारा मी बघितलेला आहे. त्याला वेळेवर चहा मिळतो, आणि तो चहाच्या वेळेचीच वाट बघत मरतो. मला ते नको होतं. माझं सगळं या एका हातावर येऊन थांबलं होतं, आणि तो हात ऐकत नव्हता.

रबरी चेंडू

आठवड्यातून दोनदा डहाणूला व्यायामाला जायचो. बीनलबेन उंबरगावच्या, वयाने माझ्या मुलीसारख्या. मराठी बोलता बोलता गुजरातीत शिरतात. "चालो काका, हात वर. धीमे धीमे. सरस!"

दोन बोटं हलली की "सरस". मला चीड यायची. रबरी चेंडू दाबा, मण्यांत दोरा ओवा, कणीक मळा. एक दिवस मी मण्यांची वाटी जमिनीवर फेकली.

"मी पोर नाही," म्हटलं. "काम द्या. खरं काम."

बीनलबेन शांतपणे मणी गोळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "घरी लाकूड आहे? करवत आहे? मग पक्ष्यांसाठी घर बनवा." मोबाईलवर चित्र दाखवलं. चार भिंती, छप्पर, पुढे गोल भोक. "करवत डाव्या हाताने चालवा, पण लाकूड उजव्याने दाबून धरायचं. तोच व्यायाम."

मला हसू आलं. नरपडच्या पक्ष्यांना माणूस घर बांधून देणार! पण घरी येऊन वर बघितलं. दोन वर्षांपूर्वी हेमंतने कौलं काढून पत्रे टाकले. कौलांत चिमण्या राहायच्या, पत्र्यात जागा नाही. हिरा मला दोनदा म्हणाली होती, त्यांना एखादा खोका तरी ठोकून द्या. मी म्हटलं होतं, मला दुसरे धंदे नाहीत काय.

आता नव्हतेच.

पहिली पेटी

वहिनींनी फळं भरायचा मोडका लाकडी खोका आणून दिला. पातळ फळ्या, पण बऱ्या होत्या. मी होडी दुरुस्त करताना सुताराच्या हाताखाली उभा राहिलो आहे, पण स्वतः कधी काही बनवलं नव्हतं. त्यात हात एक.

पहिल्या दिवशी एक फळी कापायला सकाळ गेली. उजवा हात फळीवर ठेवायचा आणि वरून अंगाचा भार द्यायचा. हात सरकायचा, फळी उडायची. मी फळीला, करवतीला, हिराला, सगळ्यांना शिव्या दिल्या. वहिनी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "भाऊजी, चिमण्या ऐकतायत. असल्या घरात राहायला कोण येईल?"

खिळा धरता येईना. मग खिळा कंगव्याच्या दातांत अडकवून कंगवा उजव्या मुठीखाली दाबला, आणि हातोडी डाव्या हातात. हे माझं मी शोधलं. ज्यांचा एक हात गेला आहे त्यांनी करून बघावं.

तीन आठवड्यांनी पेटी उभी राहिली. तिरकी होती, पण उभी होती. आणि इथे मी तो घोळ घातला जो फक्त होडीवालाच घालू शकतो. फळ्यांच्या जोडात फटी दिसल्या. चाळीस वर्षं मला एकच गोष्ट माहीत, लाकडाला फट दिसली की ती बुजवायची, नाहीतर बुडाल. मी प्रत्येक फटीत कापसाची वात ठोकली, वर राळ वितळवून ओतली. मग आतून-बाहेरून माशाच्या तेलाचे दोन हात दिले. छप्पर खिळे मारून पक्कं केलं. पुढचं भोक तेवढं ठेवलं. पाण्यात टाकली असती तर मुंबईपर्यंत तरंगत गेली असती.

वहिनींच्या जावयाने ती चिकूच्या झाडाला बांधली. पहिल्या दिवशी मांजर आलं. दुसऱ्या दिवशी तीन मांजरं आणि कावळे. चौथ्या दिवशी लाल मुंग्यांची रांग. तेलाच्या वासाने सगळी आळी जमली, चिमणी सोडून.

मी पेटी उतरवून घेतली आणि रिक्षाने बीनलबेनकडे नेली. आता त्यांना कळेल, म्हटलं, त्यांचं चित्र किती खोटं आहे. त्यांनी पेटी हातात घेतली, वास घेतला आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की बाकाला धरून बसल्या. पलीकडे देवजी व्यायामाला आले होते, तेही हसले.

"काका," बीनलबेन म्हणाल्या, "आ तो होडी छे!"

"मग?"

"यात हवा कुठून येणार? एप्रिलचं ऊन आहे. पिल्लं आत शिजतील. आणि पुढच्या भोकातून पाऊस आत गेला तर बाहेर कुठून जाणार?"

"पाणी आत जाऊ द्यायचंच कशाला?"

"जाणारच ना. तळाला भोकं ठेवा. वर छपराखाली फट ठेवा."

मी पेटी फेकली. फुटली नाही, तेवढी घट्ट केली होती. चाळीस वर्षं भोकं बुजवली आणि आता ही कालची पोरगी मला सांगते भोकं पाड. रिक्षात बसून घरापर्यंत मी बडबडत आलो. रिक्षावाला म्हणाला, "काका, मला बोलताय?" मी म्हटलं, "तुलापण."

गिरमिट

दोन दिवस पेटीकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी गिरमिट काढलं, म्हणजे हाताने पिरगाळून लाकडाला भोक पाडायचं हत्यार. पेटी पायांत धरली, गिरमिट तळावर टेकवलं. ते नुसत्या डाव्या हाताने फिरत नाही. एका हाताने फिरवलं की टोक घसरतं, दुसऱ्या हाताने वरून दाबून सरळ धरावं लागतं.

उजवा हात उचलून मी गिरमिटाच्या मुठीवर ठेवला. घसरला. पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला. मग मला असा राग आला की काय सांगू. हाताचा राग, चार तासांचा राग, डहाणूच्या घड्याळाचा राग, हिराचा राग. मी हाताशी बोललो ते लिहीत नाही, वहिनींनी खिडकी लावून घेतली. आणि बोटं वळली. चेंडूवर कधी वळली नव्हती अशी, पाचही, मुठीभोवती. फार वेळ नाही. दोन वेढे फिरलं आणि सुटलं. पण लाकडाचा भुसा पडला होता.

मी तो भुसा तळहातावर घेऊन बसलो. कुणाला बोलावलं नाही.

बीनलबेनला सांगितलं तेव्हा त्या "सरस" म्हणाल्या नाहीत. माझी मूठ उघडली, मिटवली, आणि म्हणाल्या, "अजून किती भोकं पाडायची आहेत?"

म्हटलं, "पाहिजे तेवढी."

दुसरी पेटी

पहिली पेटी वास जाईना म्हणून मोडली. दुसरी कशी केली ते सांगतो, कुणाला करायची असेल तर.

तळ साधारण वीतभर लांब-रुंद पुरे, उंची त्याहून थोडी जास्त. पुढचं भोक चिमणीला सव्वा इंच, मोठं केलंत तर साळुंकी घुसते. तेवढं भोक एकदम पडत नाही, म्हणून गोल आखून त्यावर बारीक भोकं पाडत जायचं आणि मधला तुकडा ठोकून काढायचा. कड कानशीने घासायची. तळाच्या चारही कोपऱ्यांत भोकं. छपराखाली बोटभर फट. छप्पर खिळ्यांनी बंद करू नका, सायकलच्या ट्यूबचा तुकडा मागे ठोकून बिजागरी करा, म्हणजे वर्षातून एकदा उघडून साफ करता येतं. आतून रंग नाही, तेल नाही, रंधा नाही. आत लाकूड खरखरीतच बरं, पिल्लांना वर चढायला पाय लागतो. दुपारचं ऊन समोरून येईल असं तोंड ठेवू नका.

एका हाताच्या माणसाला पाच आठवडे लागतात. मला लागले. फळ्या खडबडीत, एक बाजू दुसरीपेक्षा अर्धा इंच उंच. पण भोकं सगळी माझ्या उजव्या हाताची.

टेम्पो

मे महिन्याचा शेवटचा रविवार. हेमंत मित्राचा टेम्पो घेऊन आला. मी टेम्पो बघितला आणि आत गेलो. गॅस पेटवला. भात केला. मोरीत स्टुलावर बसून आंघोळ केली आणि शर्ट घेऊन त्याच्यासमोर ओट्यावर बसलो.

पहिलं बटण लागलं. दुसरं फार वेळाने लागलं. तिसऱ्याला बोटं थकली. बटण काजापर्यंत यायचं आणि निसटायचं. हेमंत बघत होता. मी घामाने भिजलो. सात-आठ वेळा केलं. मग तो पुढे आला आणि माझं बटण धरलं.

मी त्याचा हात झटकला. शर्ट ओढला, बटण तुटून उडालं.

"बस कर, बाबा," तो म्हणाला. "हरलास. चल."

"एका बटणासाठी?"

"बटणासाठी नाही!" हेमंत ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. "चार तास तू जमिनीवर होतास. चार तास! मी त्या वेळी कंपनीत डबा उघडून बसलो होतो. हसत होतो कशावर तरी. मला रोज बारा वाजता घास उतरत नाही, तुला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं.

आता जे लिहितो ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण मग बाकीचं सगळं लिहून उपयोग नाही. वर मी सांगितलं की हात झोपला वाटलं म्हणून तेल चोळत बसलो. ते पहिल्या अर्ध्या तासाचं खरं आहे. त्यानंतर मला कळलं होतं. माझ्या चुलतभावाला असाच झटका आला होता, मी बघितलेला. फोन शर्टाच्या खिशात होता. डावा हात चालत होता. एक आकडा दाबला की हेमंतला लागतो, त्यानेच तसं करून दिलं होतं.

मी त्याला म्हटलं, "फोन खिशात होता."

"काय?"

"त्या दिवशी. फोन खिशात होता. मी केला नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग पायरीवर बसला. म्हणाला, "मला वाटायचं फोन लांब राहिला असेल."

"नव्हता लांब."

"का नाही केलास?"

"एकट्याचा भात टाकून कंटाळलो होतो. म्हटलं, होतंय तर होऊन जाऊ दे."

मला वाटलं तो रडेल. तो चिडला. माझाच मुलगा. उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आई काय तुझी एकट्याची गेली होती? माझी नव्हती गेली? तिच्या मागोमाग तूपण निघालास, आणि मी काय करायचं? मला बाप नको होता का?"

  हिरा न विचारता गेली म्हणून मी पाच महिने तिच्यावर दात-ओठ खात होतो, आणि मी तेच करायला निघालो होतो.

"आणि आज?" तो म्हणाला. "आज झटका आला तर?"

खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून विचार केला. "आज करीन," म्हटलं. "शिव्या देत करीन, पण करीन."

त्याच्या नाकातून हसण्यासारखा आवाज आला.  दुसरी पेटी ओट्यावर पडली होती. दोन हात डोक्याच्या वर नेता येत नसल्यामुळे मला ती बांधता आली नव्हती. हेमंतने ती उचलली, उलटी करून तळाची भोकं बघितली, त्यातून बोट घालून बघितलं.

"ही तू पाडलीस?"

"मग कुणी?"

"या हाताने?"

"शर्ट नाही लाकडाचा, नाहीतर बटणंपण लावली असती."

तो स्टुलावर चढला आणि पेटी पडवीच्या वाशाला बांधायला लागला. त्याने मारलेली गाठ बघून माझं डोकं फिरलं. कोळ्याचा मुलगा! कारखान्यात राहून दोरी विसरला. "ती गाठ आहे की उंदराची शेपटी? सोड, खाली दे टोक." टोक माझ्या हातात आलं आणि मी ते दोन्ही हातांनी ओढून घट्ट केलं. तो वरून बघत होता. 

टेम्पो रिकामा गेला. जाताना हेमंतने नवी अट घातली. रोज सकाळी सातला फोन, उजव्या अंगठ्याने. एक दिवस चुकला तर तो टेम्पो घेऊन येणार, आणि तेव्हा बटणं बघणार नाही.

सांगायचं ते

पेटीत कुणी आलं का, हे सगळे विचारतात. आधी एक साळुंकी आली. भोकात डोकं अडलं, तिने बरंच ऐकवलं आणि गेली. मग चिमणा-चिमणी आली. गवत आणतात, आणि जाळ्याचे नायलॉनचे धागेपण ओढून आणतात. तो धागा पिल्लाच्या पायात अडकला तर पाय तुटतो, म्हणून मी रोज अंगणातले धागे उजव्या चिमटीने वेचतो. बीनलबेन म्हणतात, याहून चांगला व्यायाम नाही. बटणं अजून दोनच लागतात. देवजी आता काठीशिवाय चालतात. त्यांची बायको भेटली की विचारते, "तोंड उघडता ना वेळेवर?"

तुमच्या घरात, शेजारात कुणा म्हाताऱ्याची बायको गेली असेल तर त्याला "काळजी घ्या" म्हणू नका. फळं घेऊन जाऊ नका. समोर बसा आणि तोंडावर विचारा, उद्या काही झालं तर फोन करशील का? तो चिडेल. चिडू द्या. गप्प बसला तर उठू नका, उत्तर मिळेपर्यंत बसा. मला कुणी विचारलं नाही, आणि मी कुणाला सांगितलं नाही. आणि म्हाताऱ्या, तू स्वतःच वाचत असशील तर वाट कशाला बघतोस? तूच सांग कुणाला तरी.

हेमंतशी रोज भांडण होतं. गोळी घेतलीस का, मीठ कमी खाल्लंस का, वहिनींशी का भांडलास. परवा मी चहा घेऊन बसलो होतो, सातला अजून दहा मिनिटं होती. फोन हातात होता, अंगठा दाबायच्या तयारीत. तेवढ्यात तोच वाजला. त्याला दहा मिनिटं दम निघाला नाही.

मी त्याला कडक शिवी दिली. पण पहिल्या रिंगला उचलला.